पिस्तूल कपाटात ठेवलेल्या मंडळींसाठी: आयडीपीए, यूएसपीएसए आणि पहिली मॅच

माळरान (डॅलस परिसर)

२०२० साली अमेरिकेत बंदुकांची विक्री उसळली तेव्हा आपल्यापैकीही बऱ्याच जणांनी पहिलं पिस्तूल घेतलं. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं पुढे सारखंच झालं. ग्लॉक १९ किंवा तसलंच काहीतरी, दोन डबे गोळ्या, इनडोअर रेंजच्या लेनमध्ये उभं राहून कागदाला भोकं पाडली आणि मग रवानगी तिजोरीत. विचारलं तर "असू दे घरात, वेळ सांगून येत नाही". त्या वेळेला आपला हात कसा चालेल हे कोणी बघितलेलंच नसतं. बघायची सोय मात्र तासाभराच्या ड्राइव्हवर असते आणि पंचवीसेक डॉलरात होते. म्हणून हा धागा.

आयडीपीए आणि यूएसपीएसए या पिस्तुलाच्या मॅचेस भरवणाऱ्या संघटना. मी म्हणतोय त्या या मॅचेसमध्ये एका जागी उभं राहून नेम धरायचा नसतो. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं, चालायचं, वळायचं, आडोशामागून डोकवायचं, मधेच मॅगझिन बदलायचं, आणि हे सगळं टायमर लावून.

यामागची मंडळी जुनी आहेत. कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकाच्या अखेरीस जेफ कूपर आणि त्याच्या सवंगड्यांनी असले सामने सुरू केले. १९७६ मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया गावात परिषद भरली आणि आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. कूपर तिचा पहिला अध्यक्ष. तिची अमेरिकेतली शाखा म्हणजे यूएसपीएसए, १९८४ची. पुढे तिथे स्पर्धा वाढली तशी पिस्तुलंही बदलली: वर नेम धरायची काच, पुढे धक्का कमी करणारा कॉम्पेन्सेटर, लांबलचक मॅगझिनं. रोज कमरेला लावायचं पिस्तूल घेऊन येणाऱ्याला तिथे उपरं वाटू लागलं. मग बिल विल्सन, केन हॅकथॉर्न, लॅरी व्हिकर्स वगैरेंनी १९९६ मध्ये आयडीपीए काढली. साधं पिस्तूल, साधं होल्स्टर, वर झाकायला शर्ट किंवा जाकीट. आपल्यासारख्यांनी सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. यूएसपीएसएवाले आता अंगावर येतील, येऊ देत.

एक स्टेज, म्हणजे मॅचमधला एक टप्पा, कशी असते ते सांगतो. मातीचे उंच बांध तीन बाजूंनी, मध्ये टेनिस कोर्टाएवढी जागा. एक डगमगतं टेबल, प्लॅस्टिकची खुर्ची, डावीकडे रंग उडालेली निळी पिंपं, उजवीकडे लाकडी चौकटीला जाळी ठोकून केलेली 'भिंत'. तुम्ही खुर्चीत बसलेले, पाठ टेकलेली, दोन्ही तळवे टेबलावर. पिस्तूल शर्टाखाली. सेफ्टी ऑफिसर तुमच्या खांद्यामागे टायमर घेऊन उभा. "स्टँड बाय" म्हणतो. मग एक ते चार सेकंद काहीच नाही. हा काळ फार वाईट, घशाला कोरड पडते. बीप वाजला की उठा, शर्ट बाजूला करा, पिस्तूल काढा, पिंपाआड जा. कडेने हळूहळू सरकत जसजशी पुठ्ठ्याची लक्ष्यं दिसतील त्या क्रमाने प्रत्येकाला दोन गोळ्या. तिसऱ्या लक्ष्याच्या पुढ्यात एक पुठ्ठा अर्धवट आडवा येतो, त्यावर उघडे तळहात रंगवलेले. तो निरपराध माणूस, त्याला धक्का लागता कामा नये. मॅगझिन संपतं, बदलायचं, जाळीच्या भिंतीकडे जायचं, उरलेली दोन लक्ष्यं मारायची. वाचायला लागला त्याच्या निम्म्या वेळात संपतं.

गुण असे: लागलेला वेळ, अधिक चुकीचे सेकंद. पुठ्ठ्यावर मधल्या गोलात लागलं तर शून्य, बाहेरच्या भागात एक सेकंद, त्याहून कडेला तीन, हुकलं तर पाच. निरपराधाला लागली तर आणखी पाच. स्टेजचा नियम मोडला तर तीन. समजा मी १४.२० सेकंदांत संपवलं आणि चुकांचे तीन सेकंद चढले, तर माझे १७.२०. शेजारचा तरुण ११.५० मध्ये उडवतो, पण चुकांचे सहा सेकंद चढवून घेतो आणि निरपराधाला एक घालतो, त्याचे २२.५०. घाईची किंमत लगेच तक्त्यावर दिसते.

बाकी शंका विचारा, जमेल तसं सांगतो.

चकलीवाली
छान लिहिलंय. पण पहिलाच प्रश्न: गोळ्या भरलेली पिस्तुलं घेऊन पंधरा-वीस अनोळखी माणसं एकत्र? मला तर दिवाळी पहाटेला शेजारच्या मुलांच्या हातात सुतळी बॉम्ब दिसला तरी धडकी भरते.

माळरान
@चकलीवाली, प्रश्न रास्तच आहे, आणि उत्तर ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं: कोणाचंच पिस्तूल भरलेलं नसतं. याला 'कोल्ड रेंज' म्हणतात. दिवसभर पिस्तूल रिकामं, होल्स्टरमध्ये. हात लावायचा तो दोनच ठिकाणी: आपली पाळी आल्यावर सेफ्टी ऑफिसरच्या देखरेखीखाली, किंवा 'सेफ एरिया'च्या टेबलावर. त्या टेबलावर पिस्तूल काढा, पुसा, होल्स्टर जुळवा, पण तिथे गोळीला स्पर्श नाही. अगदी सरावाची खोटी गोळीसुद्धा नाही. इतर कुठे पिस्तूल बाहेर काढलंत तर त्या दिवसापुरते घरी.

पाळी आल्यावर "लोड अँड मेक रेडी" ऐकल्यावरच भरायचं. संपलं की "अनलोड अँड शो क्लिअर": मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, ऑफिसर स्वतः चेंबरमध्ये डोकावतो, मग होल्स्टर. "रेंज इज क्लिअर" म्हटल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. नळी ठरलेल्या कक्षेबाहेर गेली, पिस्तूल हातातून पडलं, नको तिथे गोळी सुटली, यातलं काहीही झालं तर स्पर्धेतून बाद. तू नवीन आहेस की राज्याचा विजेता, फरक पडत नाही. आणि नेम धरलेला नसताना बोट चापावर दिसलं की मागून "फिंगर!" अशी आरोळी येते. ही आरोळी रेंजवर एकटं उभं राहून कधीच ऐकू येत नाही.

खडूस_काका
अमेरिकेत रोज कुठे ना कुठे गोळीबार होतो आणि इथे त्याचे सामने चालू! तेही माणसाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर. संस्कृती म्हणतात ती हीच का?

माळरान
काका, बंदूक असावी की नसावी यावर स्वतंत्र धागा काढा, मीही येतो वाद घालायला. हा धागा ज्यांच्या घरात ती आधीच आहे त्यांच्यासाठी आहे. आकाराबद्दल म्हणाल तर आयडीपीएचा पुठ्ठा माणसाच्या धडाचा आणि डोक्याचाच असतो, हे खरं. आयपीएससीचा पुठ्ठा बिनडोक्याचा, अष्टकोनाकडे झुकणारा आहे.

रानपाखरू
काका +१. पण माळरान यांचं म्हणणंही पटतं. कपाटात ठेवून विसरलेली बंदूक जास्त घातक.

ह्यूस्टनचा_बाप्या
आलोच अंगावर. 😄
आयडीपीए म्हणजे पोटावर मासेमारीचं जाकीट चढवून 'हल्ली मला फार धोका आहे' असं नाटक करणं. कोणत्या क्रमाने मारायचं ते ठरलेलं, कुठे पाय टाकायचा ते ठरलेलं, अर्धवट भरलेलं मॅगझिन खाली टाकलं तर दंड. यूएसपीएसएमध्ये स्टेज तुमच्यापुढे टाकतात आणि म्हणतात, सोडव. डोकं चालवायला मिळतं. एका स्टेजला ३२ गोळ्यांपर्यंत मजा. आयडीपीएत १८ झाल्या की खेळ खलास.

आणि गुणांची पद्धत बघा. आमच्याकडे मिळालेले गुण भागिले वेळ, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. बारा गोळ्यांची स्टेज, सगळ्या 'ए'मध्ये, म्हणजे पुठ्ठ्याच्या मधल्या भागात, लागल्या तर ६० गुण. मी १० सेकंदांत संपवली, नऊ 'ए' आणि तीन त्याबाहेरच्या 'सी'मध्ये, म्हणजे मायनरमध्ये ५४. हिट फॅक्टर ५.४. दुसऱ्याने ६० पैकी ६० घेतले पण १३ सेकंद लावले, त्याचा ४.६२. मी जिंकलो. म्हणजे वेग आणि नेम दोन्हींचा मेळ बसवायचा, नुसतं सांभाळून खेळून भागत नाही. आयपीएससीचं ब्रीदच 'डिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरिटास' आहे: अचूकता, ताकद, वेग.

माळरान
@बाप्या, जाकिटाचा टोमणा मान्य, उन्हाळ्यात तर वैतागच येतो. पण नवख्याला मोकळं रान देऊन "सोडव" म्हटलं की तो गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसाची नळी कुठेही वळते. म्हणून आधी आयडीपीए. पुढे दोन्ही खेळावं, मीही खेळतो.

आणि मासेमारीचं जाकीटच हवं असं नाही. बटणं न लावलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट चालतो.

गणिती_गोट्या
मायनर म्हणजे काय? मेजरही असतं का?

ह्यूस्टनचा_बाप्या
हो. त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले हजार. १४७ ग्रेनची ९ एमएम गोळी ९०० ने गेली तर १३२.३. यूएसपीएसएत १२५च्या वर मायनर, १६५च्या वर मेजर. .४५ची २३० ग्रेनची गोळी ७५० ने गेली की १७२.५, झाली मेजर. मेजरवाल्याचा धक्का मोठा, म्हणून त्याला 'सी'वर ३ ऐवजी ४ गुण आणि अगदी कडेच्या 'डी'वर १ ऐवजी २. 'ए'ला दोघांनाही ५. दुकानातल्या साध्या ९ एमएमने बिनधास्त मायनर खेळा. मोठ्या मॅचला गोळ्या वेगमापकावर तपासतात, गावच्या मॅचला सहसा कोणी विचारत नाही.

नवा_गडी
मी एच-१बीवर आहे. टीममधले दोघं दर महिन्याला मॅचला जातात, मला बोलावतायत. स्वतःचं पिस्तूल नाही, ते त्यांचं देतो म्हणतात. जाऊ का?

माळरान
@नवा_गडी, बघायला अवश्य जा, पण पिस्तुलाला किंवा गोळीला हात लावण्याआधी हे वाच. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळी बाळगणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ सगळे यात आले. 'बाळगणं' म्हणजे विकत घेणंच असं नाही, मित्राची हातात घेणंही त्यात येऊ शकतं. काही अपवाद आहेत, त्यातला लोकांना माहीत असलेला म्हणजे राज्याचा वैध शिकारीचा परवाना. पण मित्र म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नकोस, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार. दुकानदार किंवा रेंजवाला "चालतं हो" म्हणाला तर ग्रीन कार्डाच्या वेळी तो तुझ्या बाजूने उभा राहणार नाही. ग्रीन कार्ड झालं की हा अडसर उरत नाही.

दुसरं, ग्रीन कार्डवाल्यांसाठीही: राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही. नियमित सेवन आणि बंदूक एकत्र जमत नाही. खरेदीच्या ४४७३ फॉर्मवर हा प्रश्न सरळसरळ विचारलेला असतो, आणि त्यावर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा.

नवा_गडी
बापरे. बरं झालं विचारलं. बघायला जातो फक्त.

माळरान
जा, आणि हातात चिकटपट्टीचं रोल घे. प्रत्येक नेमबाजानंतर पुठ्ठ्यावरची भोकं बुजवायला आणि पडलेली लोखंडी लक्ष्यं उभी करायला माणसं लागतात. काम करणाऱ्या पाहुण्याला सगळे प्रेमाने वागवतात. डोळ्यांना चष्मा आणि कानांना मफ मात्र प्रेक्षकालाही सक्तीचे.

करवीरचा_वाघ (कोल्हापूर)
आमच्याकडं नेमबाजी म्हणजे राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, आणि २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. पोरं एअर पिस्तूल घेऊन रांगेत उभी असतात. पण तुमचं हे पळत-पळत मारायचं प्रकरण वाचून मजा वाटली. वेळेची कसरत आमच्याकडंही आहे बरं का. २५ मीटर रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४. लंडनला २०१२ मध्ये विजयकुमारनं त्यातच रौप्य घेतलं होतं. फरक एवढाच की आमचा गडी जागचा हलत नाही आणि पिस्तूल .२२चं.

साध्या परवानाधारकाला इथं असला खेळ अवघडच. ९ एमएम आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, म्हणून लोकांकडं .३२. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. गोळ्यांचाही हिशोब द्यावा लागतो. तुमच्यासारख्या एका शनिवारात दीडशे उडवायच्या म्हणजे स्वप्नच.

माळरान
@करवीरचा_वाघ, चार सेकंदांत पाच लक्ष्यं एका हाताने, तेही २५ मीटरवर! इथल्या गावच्या मॅचमधली निम्मी मंडळी त्यात गळपटतील. इथे बहुतेक लक्ष्यं पाच ते पंधरा यार्डांत असतात आणि दोन्ही हात वापरायची मुभा. आयडीपीएत वर्ग ठरवायला '५ बाय ५' नावाची छोटी परीक्षा आहे, दहा यार्डांवर एकूण २५ गोळ्या. त्यातल्या पाच एका हाताने मारायच्या असतात, आणि तिथेच भल्याभल्यांची लाज जाते.

सामानवाले_मामा
भारताचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची विनंती. रेंजला नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. बॅगेच्या शिवणीत, बाजूच्या खिशात एखादी गोळी राहून जाते. इथून निघताना कधी सापडत नाही, परतीच्या वेळी दिल्ली-मुंबईला स्कॅनरमध्ये दिसते आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. अशा बातम्या दरवर्षी येतात. नकळत राहिली असेल तर हायकोर्ट पुढे गुन्हा रद्द करतं, तशी उदाहरणं आहेत, पण तोवर विमान चुकतं, वकील लागतो आणि सुट्टी संपते. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या आणि गॅरेजच्या बाहेर आणूच नका.

चकलीवाली
मामा, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो उठून बॅग झटकायला गेलाय.

नेमकी_नेहा
बायकांसाठी दोन गोष्टी. एक, गोल बंद गळ्याचा टी-शर्ट घाला. पिस्तुलातून उडालेलं रिकामं पितळी काडतूस चांगलंच तापलेलं असतं आणि ते नेमकं गळ्यातून आत जातं. चटका बसला की माणूस हातातल्या पिस्तुलासकट नाचतो, आणि मग बाद. चटका सहन करायचा, नळी समोरच ठेवायची, हे आधीच मनाशी ठरवून जा. पुढे झाप असलेली टोपी घातली की चष्म्यामागेही काडतूस अडकत नाही.

दोन, पट्टा. लेगिंग किंवा सैल पँटवर होल्स्टर लोंबकळतं, पिस्तूल ओढलं की होल्स्टरच वर येतं. जाड पट्टा आणि त्याला लूप असलेली पँट हवी. होल्स्टरने चाप पूर्ण झाकलेला असावा. काखेतली, पाठीमागची, आडवी होल्स्टरं आयडीपीएत चालत नाहीत.

आणि घरी आल्यावर हात थंड पाण्याने धुवा, कपडे थेट धुवायला टाका, मग लेकराला घ्या. गोळ्यांच्या धुरात शिसं असतं.

गणिती_गोट्या
खर्चाचं गणित सांगा की कोणीतरी.

ह्यूस्टनचा_बाप्या
प्रवेश २० ते ३० डॉलर, गोळ्या शंभर ते दीडशे नग. पिस्तूल आहेच असं धरलं तर होल्स्टर, मॅगझिन ठेवायची दोन पाकिटं आणि किमान तीन मॅगझिनं. इलेक्ट्रॉनिक मफ घ्या, सूचना ऐकू येतात. नाव नोंदवायला प्रॅक्टिस्कोअर ही वेबसाइट, निकालही तिथेच. बाकी काही घेऊ नका. नवीन माणूस पहिल्या मॅचनंतर हजार डॉलरच्या पिस्तुलाच्या मागे लागतो. तेच पैसे गोळ्यांवर घाला.

खडूस_काका
शेवटचं विचारतो. हे सगळं खेळून चोर आला तर उपयोग होणार का? खरं सांगा.

माळरान
काका, काही भागापुरता. पिस्तूल झटकन निघतं, अडकलं तर हात आपोआप मोकळं करतात, चापावर बोट कधी आणि कधी नाही हे अंगवळणी पडतं. पण मॅचमध्ये स्टेज आधी चालून बघता येते, लक्ष्यं कुठे आहेत ते ठाऊक असतं आणि पुठ्ठा उलट गोळी झाडत नाही. मुळात गोळी झाडावी की नाही, दार बंद करून पोलिसांना फोन करावा का, याचा निर्णय मॅच शिकवत नाही. त्यासाठी तुमच्या राज्याचा स्वसंरक्षणाचा कायदा शिकवणारा वर्ग वेगळा करा. आणि आडोशामागून उगाच धावत बाहेर पडणारे मॅचबहाद्दरही मी पाहिलेत. खेळाच्या सवयी आंधळेपणाने घरी आणू नयेत.

खडूस_काका
हे उत्तर प्रामाणिक वाटलं. बाकी मत कायम.

रानपाखरू
माझ्याकडे फक्त .२२चं रुगर आहे. ९ एमएमचा धक्का मनगटाला सोसत नाही. म्हणजे मी बाहेरच?

नेमकी_नेहा
अजिबात नाही. स्टील चॅलेंज बघ. १९८१ पासून चालू आहे, २००७ पासून यूएसपीएसएकडे. पांढऱ्या रंगवलेल्या लोखंडी थाळ्या, एका स्टेजला पाच, शेवटची ठरलेली थाळी वाजली की घड्याळ थांबतं. होल्स्टरही लागत नाही, .२२वाले पिस्तूल हातात घेऊन समोरच्या खुणेकडे नळी खाली रोखून सुरू करतात. धावपळ जवळजवळ नाही, लागलं की टण् वाजतं, त्यामुळे पुठ्ठ्याकडे जाऊन भोकं मोजणं नाही. म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं शेजारी शेजारी खेळताना दिसतात.

आठ स्टेज असतात. सातांत प्रत्येकी पाच फेऱ्या, 'आउटर लिमिट्स'मध्ये चार. न चुकता मारल्या तरी १९५ गोळ्या, त्यामुळे तीनशे तरी ने. मॅगझिनं पाच असतील तर उत्तम, प्रत्येक फेरीला एक. नाहीतर दोन फेऱ्यांच्या मधे भरत बसावं लागतं आणि मागची रांग घड्याळं बघायला लागते.

रानपाखरू
दोनच आहेत. आज आणखी तीन मागवते.